चढ नसलेलं गाव

त्या गावात दिशा दोनच होत्या, वर आणि खाली. पूर्व-पश्चिम वगैरे शाळेच्या पुस्तकात असत, पण पत्ता विचारला तर माणूस एकतर हनुवटी वर करी, नाहीतर अंगठा खाली. पोस्ट कुठे? वर. फार वर? नाही हो, बँकेच्या खाली. परक्या माणसाची त्यात कितीही त्रेधा उडो, गावकऱ्यांना यात काही अपुरं आहे असं कधी वाटलं नाही. आणि अशा गावात जन्म काढलेल्या एका गृहस्थांनी, चांगल्या शुद्धीत, सकाळच्या चहानंतर, "आमच्याकडे चढ असे नाहीतच हो," हे वाक्य फोनवर उच्चारलं. ते गृहस्थ म्हणजे टाकीसाहेब.

टाकीसाहेब हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली, त्यातली शेवटची वर्षं डोंगरमाथ्यावरच्या मोठ्या टाकीच्या देखभालीवर. निरोप-समारंभात कुणीतरी भाषणाच्या भरात टाकी आणि साहेब यांची तुलना केली, ती लोकांना फारच पटली आणि मूळ नाव फक्त पोस्टमनपुरतं उरलं. इतकी वर्षं पाण्याच्या सहवासात राहून साहेबांचं स्वतःचं असं एक तत्त्वज्ञान तयार झालं होतं. पाणी शहाणं असतं, ते आपण होऊन कधी वर जात नाही. वर न्यायचं तर पंप लागतो, वीज लागते आणि वरिष्ठांची मंजुरी लागते. माणसानंही शक्यतो तसंच राहावं, असं त्यांचं हल्ली हल्ली मत झालं होतं.

फोन होता विहीणबाईंचा, आणि त्याच्यामागे मोठं कारण होतं. साहेबांची एकुलती एक लेक लग्न होऊन लांबच्या एका सपाट गावी गेली होती. आता जावयाला इथल्या इस्पितळात चांगली जागा मिळत होती. पण जावईही एकुलता एक, आईवडिलांना मागे ठेवून यायला तयार नाही. त्यानं सरळ सांगितलं होतं, की आईबाबा येऊन गाव बघून जातील, त्यांना मानवलं तर सगळेच येऊ, नाहीतर विषय बंद. म्हणजे लेक मुलांना घेऊन दोन गल्ल्यांवर राहायला येणार, की वर्षातून एकदा सुटीत दिसणार, हे व्याही-विहिणीच्या एका दिवसाच्या सहलीवर ठरणार होतं. विहीणबाईंचे गुडघे कुरकुरतात हे लेकीनं आधीच कानावर घातलं होतं. त्यामुळे "चढ फार आहेत का हो तिकडे?" असं त्यांनी विचारताच साहेबांच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं.

"उतार आहेत थोडे," त्यांनी पुढे जोडलं, कारण माणूस मुळात खोटा नव्हता.

शेजारी त्यांची बायको भाजी चिरत बसली होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "उतार आहेत आणि चढ नाहीत, मग त्यांनी उतरल्यावर परत यायचं कसं?"

या प्रश्नाचं उत्तर साहेबांनी संध्याकाळपर्यंत शोधून काढलं. जेवणाच्या टेबलावर गावाचा नकाशा पसरला आणि त्यावर निळ्या पेन्सिलीनं रेघ मारली. बाजारातल्या सहल कंपनीवाल्याकडे अर्ध्या दिवसाची खासगी सहल मिळत होती, गाडी आणि गाईडसकट. पण तो गाईड म्हणजे कालचं पोर, त्याला गावातला एक व्हॉल्व्ह कुठे आहे हे ठाऊक नाही. तेव्हा गाडी भाड्याची आणि गाईड घरचा, असं ठरलं. गाडीनं थेट डोंगरमाथ्यावरच्या टाकीपाशी जायचं. गाडीत बसून चढलेला चढ धरायचा नसतो. तिथून पायी खाली, जुन्या वस्तीतून बागेच्या वरच्या फाटकाशी, बागेतून उतरत खालच्या फाटकाशी. तिथे गाडी हजर, घरी जेवण, आणि संध्याकाळच्या बसनं पाहुणे परत. पाण्याची लाइन टाकावी तशी ही सहल टाकली होती. पाहुण्यांना अख्खं गाव दिसेल आणि एक पाऊलही वर टाकावं लागणार नाही, हे साहेबांनी बायकोला दोनदा समजावून सांगितलं. ती म्हणाली, की त्यापेक्षा खरं सांगून टाका, त्यांना काय डोळे नाहीत? साहेबांनी तिच्याकडे कनिष्ठ कर्मचाऱ्याकडे बघावं तसं बघितलं आणि पेन्सिलीला टोक काढलं.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या दारातले वकील आले आणि त्यांनी सल्ला दिला, की 'चढ नाहीत' असं ठाम विधान यापुढे करू नका. 'माझ्या माहितीप्रमाणे' हे शब्द आधी घाला, म्हणजे पुढेमागे अंगाशी येणार नाही. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या आणि सपाटीवरच्या माणसांना उंचावर गरगरतं, मळमळतं, क्वचित रडूही येतं, असं सांगून घडीचं एक स्टूल आणि शिट्टी देऊन गेल्या. शिट्टी कशाला, हे विचारायचं राहून गेलं. स्टूल मात्र साहेबांना पटलं. गुडघेवाल्या माणसाला टेकायला बरं.

पाहुणे सकाळी आले. व्याही उंच, शांत गृहस्थ. त्यांचं औषधांचं दुकान होतं, ते नुकतंच पुतण्याच्या हवाली केलेलं. काउंटरमागे इतकी वर्षं उभं राहिल्यामुळे समोरचा माणूस बोलायला लागला की त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या ओठांच्या आणि नखांच्या रंगाकडे बघायची त्यांना सवय जडली होती. विहीणबाई बुटक्या, चटपटीत, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या बसमधून उतरल्या त्याच मुळी प्रश्न विचारत. इथल्या सगळ्या गाड्यांच्या चाकाखाली दगड का असतात? मुलं चेंडू खेळतात की नुसता पळून गेलेला आणतात? खालच्या घरातल्या बाईला वरच्या रस्त्यावरच्या माणसाच्या फक्त चपला दिसत असतील, मग ओळख चपलांवरून पटते का? टाकीसाहेबांनी आयुष्यभर लेखी प्रश्नांना लेखी उत्तरं दिली होती. हा मारा त्यांना नवा होता, पण मनातून आवडलाही.

टाकीपर्यंत बेत अगदी रेघेवर चालला. कुंपणाबाहेरून टाकी दाखवून झाली, तिच्यात पाणी किती मावतं ते सांगून झालं, विहीणबाईंनी "आणि आत मासे असतात का?" हेही विचारून घेतलं. मग पायी उतरणं सुरू झालं. या वस्तीतल्या घरांची दारं रस्त्याला, आणि बाकीचं घर दाराच्या खाली लोंबकळत असतं. म्हणजे माणूस गच्चीच्या पातळीला घरात शिरतो आणि झोपायला दोन मजले खाली जातो. विहीणबाई थबकल्या. ही घरं खालून वर बांधतात, की वरून खाली? साहेब उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात विहीणबाईंनी दारात उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंनाच विचारलं, त्या बाई कौतुकानं "या, बघा ना," म्हणाल्या आणि विहीणबाई त्या घरात गडप झाल्या.

बराच वेळ साहेब, त्यांची बायको आणि व्याही रस्त्यावर उभे राहिले. मग खालून हाक आली. विहीणबाई त्या घराच्या तळातल्या दारातून निघून खालच्या रस्त्यावर उभ्या होत्या आणि हात हलवत होत्या. साहेबांना वाटलं, उत्तम झालं, आता आपणही उतरून तिथे जाऊ. पण विहीणबाईंना घर बाहेरून कसं दिसतं तेही बघायचं होतं. त्या बाजूच्या पायऱ्यांनी भराभरा वर आल्या आणि म्हणाल्या, की स्वयंपाकघर सगळ्यात खाली आहे, त्यामुळे दाराशी पाहुणा आला की आधी चहा ठेवायचा आणि मग वर चढायला लागायचं, तोवर तो उकळतो. इतकी वर्षं या गावात राहून ही गोष्ट साहेबांना माहीत नव्हती. त्याहून त्यांना खटकलं ते हे, की बाईंना दम लागला नव्हता.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण साहेब ती स्वतः सांगणार नाहीत. हल्ली वर्षभर चढावर त्यांचा श्वास पुरत नसे. चार पावलं चढलं की छातीत भाता सुरू व्हायचा. याला ते वय म्हणत नसत, आजार तर नाहीच. हवा जरा जड आहे, असं म्हणत. आणि त्यावर त्यांनी एक सभ्य उपाय काढला होता. श्वास संपला की थांबायचं, समोर जे असेल त्याच्याकडे बोट करायचं आणि म्हणायचं, "हे बघा." मग त्या वस्तूची माहिती सांगेपर्यंत श्वास परत येई. पाहुण्यांच्या गुडघ्यांसाठी आखलेल्या त्या निळ्या रेघेत साहेबांच्या छातीचाही थोडा वाटा होता. पण मनातल्या मनातसुद्धा ते त्याला गुडघेच म्हणत.

बाग हा त्या गावाचा दागिना. डोंगराच्या पोटात पायरीपायरीनं उतरत जाणारे वाफे, मधून वळणावळणाची वाट, वरच्या अंगाला मोठं काचघर आणि तळाशी तळं. वरच्या फाटकातून आत शिरताना साहेबांना धन्य वाटलं. यापुढे सगळा उतार. त्यांनी काचघर दाखवलं, ज्यांच्या खोडाची साल कागदासारखी सुटते ती झाडं दाखवली, आणि "चला, आता हळूहळू खाली," असं म्हणून ते पुढे निघाले. निम्मी बाग उतरून झाल्यावर मागे बघतात तर विहीणबाई नाहीत.

त्या परत काचघरात गेल्या होत्या. तिथे कीटक खाणारी एक वनस्पती होती आणि साहेबांनी ती ओझरती दाखवली होती. पण दाखवणं वेगळं आणि खाताना बघणं वेगळं, असं विहीणबाईंचं म्हणणं होतं. गाईड म्हटल्यावर साहेबांना वर जाणं भाग होतं. वाटेत त्यांना एकदा नळाची तोटी आणि एकदा विजेचा खांब दाखवावा लागला. बायको पुढे निघून गेली होती, दाखवायला बरोबर फक्त व्याही होते. त्यांनी दोन्ही वस्तू शांतपणे बघितल्या आणि साहेबांच्या ओठांकडेही बघितलं. काचघरात विहीणबाई त्या झाडासमोर डोळ्यात तेल घालून उभ्या होत्या. शेवटी माळ्यानं येऊन सांगितलं, की त्याचं आज सकाळीच जेवण झालंय, आता ते काही तोंड उघडायचं नाही.

असं तीनदा झालं. जरा उतरलं की बाईंना मघाचं काहीतरी आठवे. तो पिवळा गुच्छ कुठल्या झाडाचा होता? त्या दगडावर कोरलेलं काय होतं? आणि त्या तुरुतुरु वर जात. मागून वर जात व्याही, त्यांच्या मागून बायको, आणि सगळ्यांच्या मागून गावातल्या वस्तूंची माहिती देत टाकीसाहेब. ज्यांना एक पाऊल वर चढावं लागू नये म्हणून रात्ररात्र नकाशा गिरवला, ती माणसं बाग उभी-आडवी चढत होती. तिसऱ्या वेळी साहेबांनी काखेतलं स्टूल काढलं आणि विहीणबाईंना बसायचा आग्रह केला. त्या म्हणाल्या, की मी कशाला बसू? तेव्हा ते उघडतं कसं, हे दाखवण्यासाठी साहेब स्वतः त्यावर बसले आणि ते दाखवायला त्यांनी बराच वेळ घेतला. बायको त्यांच्या शेजारी उभी राहून तळ्याकडे बघत होती.

शेवटी खालचं फाटक आलं. गाडी नव्हती. रस्ताही नव्हता. कालपर्यंत जिथे रस्ता होता तिथे लांबलचक चर खणलेला होता आणि त्याच्या कडेला पाटी होती, पाणीपुरवठा खातं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. खातं साहेबांचंच. ड्रायव्हरचा फोन आला, की गाडी खाली येत नाही, मी वरच्या रस्त्यावर थांबलोय, तुम्हीच वर या. साहेबांनी वर बघितलं. वरचा रस्ता तिथून दिसत होता, आणि त्याच्यापर्यंत जाणाऱ्या दगडी पायऱ्याही दिसत होत्या. त्या बघूनच त्यांच्या छातीत धडधडलं.

पण देव आहे म्हणावं तशी चराच्या पलीकडे त्यांच्या खात्याची इमारत उभी होती. तिचा तळमजला खालच्या रस्त्याला लागून आणि सगळ्यात वरचा मजला वरच्या रस्त्याला. मध्ये लिफ्ट. सगळं गाव पूर्वी त्या लिफ्टचा शिडीसारखा उपयोग करी. भाजीच्या पिशव्या, शाळेची दप्तरं, एकदा तर शेळीसुद्धा तिच्यातून वर गेली होती. साहेबांनी पाहुण्यांना ऐटीत सांगितलं, की आता तुम्हाला इथली खास सोय दाखवतो.

दारातल्या रखवालदारानं विचारलं, "काम?"

साहेब हसले. आपण इथेच होतो, असं सांगितलं. रखवालदार नवा होता. त्यानं भिंतीवरच्या चौकटीतल्या हुकमाकडे बोट केलं. 'कार्यालयीन कामाशिवाय कोणीही लिफ्टचा वापर करू नये.' शेळीच्या प्रकारानंतर काढलेला हुकूम, आणि त्याखालची झोकदार सही टाकीसाहेबांचीच. ती आपली सही आहे, हे त्यांनी त्याला अभिमानानं दाखवलं. "मग तर तुम्हाला माहीतच असेल," रखवालदार म्हणाला आणि बाजूला झाला नाही.

आता काम काढणं आलं. पाणीखात्यात नागरिकाचं काम म्हणजे तक्रार. साहेबांनी सांगितलं, की तक्रार आहे, घरी पाणी कमी दाबानं येतं. चौघांना चिठ्ठी मिळाली. लिफ्टवाल्यानं चिठ्ठी वाचली आणि तक्रार-खिडकीच्या मजल्यावर, म्हणजे बरोबर मध्यावर, चौघांना उतरवलं. चिठ्ठी तिथपर्यंतचीच होती. खिडकीमागे एक तरतरीत मुलगी बसली होती आणि तिला कामाची खरी हौस होती. कधीपासून कमी येतं? तुमच्याच घरी, की सगळ्या इमारतीत? सकाळी, की दिवसभर?

विहीणबाईंनी काळजीनं विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे पाण्याचा त्रास आहे?"

"छे, तसा काही नाही," साहेब म्हणाले. खिडकीमागच्या मुलीनं पेन थांबवून वर बघितलं. "आहे, आहे," साहेब म्हणाले. "म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे." वकिलांचा सल्ला असा भलत्या ठिकाणी कामाला आला आणि त्याचा उपयोग काहीच झाला नाही. मुलीनं तक्रार तातडीची म्हणून लिहून घेतली, कारण आपल्या खात्याच्या एका ज्येष्ठ माणसाचं काम आहे, हे तिला नावावरून कळलं होतं.

उरलेले मजले जिन्यानं चढावे लागले. पहिल्या वळणावर साहेबांनी आग विझवायच्या वाळूच्या बादलीचा इतिहास सांगितला. दुसऱ्या वळणावर काहीच नव्हतं, नुसती भिंत होती, तेव्हा त्यांनी भिंतीच्या रंगाबद्दल सांगितलं. विहीणबाईंनी बादलीबद्दल तीन आणि रंगाबद्दल दोन प्रश्न विचारले. व्याही म्हणाले, "बघू हो तुमचं घड्याळ," आणि त्यांनी साहेबांचं मनगट हातात घेतलं. जुनं घड्याळ आहे, साहेबांनी सांगितलं. व्याह्यांनी मान हलवली. पण वेळ बघायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ त्यांनी ते मनगट धरून ठेवलं आणि बघितलं मात्र स्वतःच्या घड्याळात. साहेबांना वाटलं, माणूस जरा विचित्र आहे.

घरी पोचले तर इमारतीच्या दारात वकील रिकामी बादली घेऊन उभे होते आणि मुख्याध्यापिकाबाई साबणाच्या हातांनी. पाणी गेलं होतं. आवारातल्या चौकोनी खड्ड्यात खात्याचे दोन कामगार उतरले होते. त्यातला एक साहेबांना ओळखून अदबीनं म्हणाला, की तुमच्या नावाची तातडीची तक्रार आहे म्हणून आमच्या साहेबांनी लगेच धाडलं, सगळ्या इमारतीची लाइन बंद करून तपासतोय. जे खातं टाकीसाहेबांच्या सगळ्या नोकरीत कधी आठवड्याच्या आत जागेवरून हललं नव्हतं, ते आज त्यांच्या मानाखातर अर्ध्या तासात धावून आलं होतं. वकिलांनी फक्त एवढंच विचारलं, की तक्रार लेखी दिलीत का?

माठातल्या पाण्यावर जेवणं झाली. ताटं तशीच राहिली. बैठकीच्या खोलीत चौघं बसले, आणि टाकीसाहेबांना आपण सपशेल तोंडघशी पडलो हे कळून चुकलं. चढ दिसले, पाणी गेलं, आणि पाहुणे आता घड्याळाकडे बघत होते. लेक आता सुटीतच दिसणार. या विचारानं त्यांना इतकं वाईट वाटलं, की आब राखायचंसुद्धा सुचेना. ते खाली मान घालून म्हणाले, की मी फोनवर चुकीचं बोललो. गावात चढ आहेत. खूप आहेत. गावात दुसरं काहीच नाही.

"ते दिसलं की," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही नाहीत म्हणालात तेव्हा मी केवढी हिरमुसले होते. माझा सगळा जन्म सपाटीवर गेला हो. आमच्याकडे जिथे उभं राहावं तिथून सगळं दिसतं, पण बघण्यासारखं काही नसतं. इथे प्रत्येक वळणापुढे काय असेल, असं होतं. म्हणून तर मी विचारलं होतं, चढ आहेत का."

"पण तुमचे गुडघे?"

"ते घरी बसून दुखतात."

साहेबांना हसावं की रडावं कळेना. पण व्याही हसत नव्हते. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"मला एक विचारायचंय, व्याहीबुवा," ते म्हणाले. "नळाची तोटी, विजेचा खांब, वाळूची बादली. आज तुम्ही आम्हाला जेवढं दाखवलंत, ते सगळं चढाच्याच मध्यावर कसं होतं?"

खाली खड्ड्यात कामगार पान्ह्यानं ठोकत होते.

"योगायोग," साहेब म्हणाले.

"तुमची नाडी मी जिन्यात मोजली. त्या आधी तुमचे ओठ बागेत बघितले. मी डॉक्टर नाही, नुसता दुकानदार आहे. पण अशी माणसं मी ओळखतो. ती दुकानात येतात, ताकदीचं औषध मागतात, आणि डॉक्टरकडे जा म्हटलं की त्यांना कुठेतरी घाई असते."

साहेबांनी मदतीसाठी बायकोकडे बघितलं. ती पदराशी चाळा करत होती.

"वर्षभर मी भाजीला एकटी का जाते, असं वाटलं तुम्हाला?" ती म्हणाली. "तुम्हाला बरोबर घेतलं की दर वळणावर मला गटाराचं झाकण दाखवता. मी मुकाट्यानं बघते. काय करू? तुम्ही एकदा तरी बोलाल, म्हणून वाट बघत होते." आणि तिचा आवाज फुटला.

विहीणबाई उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. व्याह्यांनी हळू आवाजात ठरवून टाकलं. आज संध्याकाळची बस आम्ही धरत नाही. उद्या सकाळी तुम्ही माझ्याबरोबर इथल्या मोठ्या डॉक्टरांकडे यायचं, गाडीनं, आणि वाटेत मला काहीही दाखवायचं नाही. राहिला गावाचा प्रश्न. हिनं तर ते काचघरातच ठरवलं होतं. माझं मत जिन्यात ठरलं. तिकडचं घर रिकामं करून झालं की येऊ.

साहेबांच्या मानी स्वभावाला हे सगळं फार झालं होतं. आपण ज्यांना गाव दाखवायला नेलं त्यांनी आपल्यालाच बघून घेतलं, ही गोष्ट गिळायला जड होती. ते काहीतरी कडक बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा होता. ती दिवसभर जीव मुठीत धरून बसली असणार. कसं झालं बाबा? त्यांना गाव आवडलं का? काय म्हणतात?

"येतो म्हणतात," साहेब म्हणाले. पुढे ते नेहमीसारखं बोलणार होते, की जावईबापूंच्या नोकरीच्या दृष्टीनं ते बरंच आहे, मुलांच्या शाळाही इथे चांगल्या आहेत. इतके महिने ते हेच बोलत आले होते. पण समोर तीन माणसं बसली होती आणि तिघांनाही सगळं ठाऊक झालं होतं. लपवायला कुणी उरलंच नव्हतं.

"तू ये गं," ते म्हणाले. "मला दम लागतो. रात्री भीती वाटते. तू जवळ असावीस असं वाटतं."

पलीकडे लेकीनं नाक ओढलं.

"बाबा, हे एवढं मला फोनवर सांगितलं असतंत तर मी त्याच दिवशी निघाले असते. आईंनीच माझी बॅग भरून दिली असती. त्यांना कशाला अख्खं गाव हिंडवलंत?"

टाकीसाहेबांनी डोळे पुसले, घसा खाकरला, ताठ बसले.

"गाव बघण्यासारखं आहे," ते म्हणाले.